थँक्सगिव्हिंगचं ब्रेड स्टफिंग घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर अर्धा सरला की मला तेच तेच प्रश्न येऊ लागतात. कुणाला ऑफिसातल्या मैत्रिणीने थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या आभार मानण्याच्या सणाला, जेवायला बोलावलेलं असतं आणि "तू स्टफिंग आण" म्हणून सांगितलेलं असतं. कुणाची मुलं शाळेत ऐकून आलेली असतात आणि आपल्याही घरी टर्की, म्हणजे त्या सणाला भाजतात तो कोंबडीहून बराच मोठा पक्षी, हवी म्हणून हटून बसलेली असतात. मी न्यू जर्सीत राहते, दरवर्षी स्टफिंग करते, आणि सुरुवातीची दोन वर्षं मी ते पार बिघडवलेलं आहे. खालची उत्तरं कुठे हुकूम सोडल्यासारखी वाटली, तर त्यामागे बरंच लोणी आणि बराच पाव वाया गेलाय हे लक्षात घ्या.

स्टफिंग म्हणजे नेमकं काय?

कडक वाळवलेल्या पावाचे तुकडे, लोण्यात परतलेला कांदा आणि सेलरी, सेज आणि थाइमची पानं, भिजवायला स्टॉक (हाडं-मांस किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), धरून ठेवायला अंडं. बस्स. हे मिश्रण टर्कीच्या पोटात भरून किंवा वेगळ्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजतात.

ऐकताना आपल्याला भरली वांगी आठवतात, पण इथला कारभार उलटा आहे. वांग्यात सारणाने भाजीला चव द्यायची असते. इथे पक्ष्याचा रस आणि चरबी सारणात उतरते आणि पाव ती पिऊन घेतो. टर्कीचं मांस तसं मवाळ चवीचं, त्यामुळे बऱ्याच घरांत ताटातली पहिली झडप या पावावरच पडते. आपल्या स्वयंपाकघरात याचा सख्खा नातेवाईक शोधायचा तर मी फोडणीच्या पोळीचं नाव घेईन. कालचं उरलेलं, भरपूर कांदा, हात न आखडता घातलेलं स्निग्ध, आणि कढईच्या तळाला लागलेल्या खमंग तुकड्यांवरून भांडण.

गोव्याचा रेशाद हा शब्दही या गोष्टीच्या जवळचा. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नुसता 'भरलेलं'. बांगड्यात भरायच्या लाल मसाल्यालाच पुढे ते नाव चिकटलं.

स्टफिंग आणि ड्रेसिंग यांत फरक काय?

पोटात भरलं तर स्टफिंग, बाहेर भाजलं तर ड्रेसिंग, हे झालं पुस्तकी उत्तर. प्रत्यक्षात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ते कसंही केलं तरी ड्रेसिंगच म्हणतात, आणि आमच्या ईशान्येकडे कसंही केलं तरी स्टफिंग. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वळणाच्या घरांत त्याला फिलिंग म्हणतात आणि त्यात बहुधा कुस्करलेला बटाटाही असतो. ज्यांच्या घरी जाल त्यांचा शब्द वापरा, वाद घालू नका.

हा पदार्थ पहिल्या थँक्सगिव्हिंगपासून चालत आलाय का?

मुलांच्या शाळेतल्या चित्रांत तसं दिसतं खरं. पण १६२१ साली प्लिमथ या इंग्रजांच्या वसाहतीत जे जेवण झालं, आणि ज्याला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, त्याचं तिथल्याच एडवर्ड विन्स्लोने पत्रात केलेलं वर्णन अगदी थोडक्यात आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी रानपक्षी मारून आणले आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं आणली. कुठले पक्षी, ते त्याने लिहिलेलं नाही. पावाच्या सारणाचं नाव नाही.

लेखी पुरावा हवा असेल तर १७९६ साल धरा. अमेलिया सिमन्स यांचं 'अमेरिकन कुकरी' हे अमेरिकन लेखिकेने लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं पहिलं पाकपुस्तक मानतात. त्यात टर्की भरायची कृती आहे : १ पौंड मऊ गव्हाचा पाव, ३ औंस गाईची चरबी, ३ अंडी, थाइम, मार्जोरम, मिरी, मीठ, आणि आवडत असेल तर थोडी वाइन. चरबीच्या जागी लोणी घाला, मार्जोरमच्या जागी सेज, की आजचं स्टफिंग समोर आलं. सव्वादोनशे वर्षांत एवढा कमी बदललेला पदार्थ क्वचितच सापडेल.

त्याच कृतीच्या शेवटी सोबत काय वाढायचं याची यादी आहे. उकडलेले कांदे, क्रॅनबेरी सॉस, आणि चक्क 'मँगोज'! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उडालेच. पण ते आपले आंबे नव्हेत. हिंदुस्थानातून इंग्लंडला कैरीचं लोणचं जायचं, ते इतकं आवडलं की तिथल्या बायका कोवळी खरबुजं, काकड्या पोखरून, मसाला भरून, सिरक्यात घालायला लागल्या आणि त्या लोणच्यालाच 'मँगो' म्हणू लागल्या. म्हणजे टर्कीच्या ताटात आपलं लोणचं नावापुरतं का होईना, पूर्वीच येऊन बसलं होतं.

सणाची तारीख मात्र बरीच नंतर ठरली. लिंकन यांनी १८६३ मध्ये राष्ट्रीय दिवसाची घोषणा केली, आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हे कायद्याने पक्कं झालं १९४१ मध्ये. कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो.

पाव कोणता घेऊ?

गोड नसलेला, पांढरा, जरा घट्ट विणीचा. इथल्या दुकानात इटालियन किंवा फ्रेंच लोफ म्हणून मिळतो तो उत्तम. साधा सँडविच ब्रेडही चालतो, कित्येक अमेरिकन आज्यांनी जन्मभर तोच वापरलाय. फक्त पाकीट दाबून पाहा. दबून पुन्हा वर न येणारा ब्रेड स्टॉक पडताच विरघळतो.

आंबवलेल्या पिठाचा आंबट सावरडो पाव छान लागतो, सॅन फ्रान्सिस्कोकडे तो हमखास घालतात. नुसत्या गव्हाच्या पिठाचा ब्रेड घालायचाच असेल तर निम्मा घाला, नाहीतर सगळं जड होतं. ब्रिऑश (लोणी-अंड्याचा गोडसर पाव) आणि ते गोड हवाईयन बन अजिबात नकोत. आम्ही एकदा उरलेत म्हणून घातले, तर सगळ्यांनी विचारलं, ब्रेड पुडिंग आधी का वाढलं?

कडा कापू नका. सुरीने चौकोनी तुकडे केले तरी चालतं, पण मी हाताने तोडते. साधारण पाऊण इंचाचे, ओबडधोबड. ज्या वेड्यावाकड्या कडा वर येतात त्याच आधी तांबूस होतात.

शिळा पाव आणि वाळवलेला पाव एकच ना?

नाही! या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पाव शिळा होतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातंच असं नाही. भाजताना फुललेला स्टार्च थंड होत गेला की पुन्हा घट्ट, स्फटिकासारखा रचला जातो, म्हणून पाव चिवट लागतो. पाणी आतच असतं. म्हणून तर शिळा पाव तव्यावर गरम केला की घटकाभर मऊ होतो. फ्रिजमध्ये हे शिळं होणं आणखी लवकर होतं. असा पाव हाताला कडक वाटतो, पण आत पाणी असल्यामुळे स्टॉक शोषायला त्याच्यात जागाच नसते. वरवर भिजतो आणि मग एकदम लगदा.

वाळवलेल्या पावातलं पाणी खरोखर गेलेलं असतं. तो स्टॉक आतपर्यंत ओढून घेतो आणि तरी तुकडा म्हणून उभा राहतो.

तेव्हा ताजाच पाव आणा, तुकडे करा, दोन मोठ्या ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि २७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे १३५ सेल्सिअसला, ४५ ते ५० मिनिटं ठेवा. मधे दोनदा हलवा. रंग आला नाही तरी हरकत नाही, पण तुकडा बोटांत दाबला की कट्कन मोडला पाहिजे. मोडला नाही, वाकला, तर अजून दहा मिनिटं. हे काम दोन-तीन दिवस आधी करून डब्यात भरून ठेवता येतं. बरणीत ठेवलेल्या खारीसारखं, हवाबंद.

आठ माणसांसाठी प्रमाण सांगा ना.

पाव ४५० ग्रॅम (वाळवण्याआधीचं वजन, तुकडे १० ते १२ कप होतात). बिनमिठाचं लोणी ११५ ग्रॅम, इथली एक कांडी. मोठे कांदे २. सेलरीचे दांडे ४. ताजं सेज चिरून २ मोठे चमचे, थाइमची पानं १ मोठा चमचा, पार्सली मूठभर. मीठ १ छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरी अर्धा. स्टॉक अडीच कप, म्हणजे ६०० मिली. अंडी २.

लोणी वितळवून कांदा-सेलरी मध्यम आचेवर परता. आपल्याला कांदा लाल करायची सवय असते, इथे तो मोह आवरा. दहा-बारा मिनिटांत तो काचेसारखा, मऊ, गोडसर व्हायला हवा, तांबूस नको. शेवटच्या मिनिटाला सेज आणि थाइम घाला, म्हणजे लोण्यात त्यांचा वास सुटतो. हे सगळं वाळलेल्या पावावर ओता. पार्सली, मीठ, मिरी. स्टॉक कोमट असू दे, कढत असला तर अंडं शिजून गाठी होतात. त्यात अंडी फेटून घ्या आणि तीन-चार वेळा थोडं थोडं घालत, खालून वर हलक्या हाताने कालवा. पोहे भिजवताना जसा हात चालतो तसा.

९ बाय १३ इंचाच्या भांड्याला लोणी लावा, मिश्रण न दाबता पसरा, वर फॉइल घट्ट बसवा. ३५० फॅरनहाइटला, १७७ सेल्सिअसला, ३५ ते ४० मिनिटं. मग फॉइल काढून आणखी २० ते २५ मिनिटं, वरचे तुकडे कुरकुरीत तांबूस होईपर्यंत. मध्यभागी थर्मामीटरने १६५ फॅरनहाइट दाखवलं की झालं.

माझं दरवेळी लगदा होतं. / माझं कोरडं ठणठणीत होतं.

लगद्याचं कारण वर सांगितलं, दहापैकी नऊ वेळा पाव नीट वाळलेला नसतो. माझ्या पहिल्या स्टफिंगची अक्षरशः लापशी झाली होती. मी दोन दिवसांचा शिळा ब्रेड घेतला, वर कोरडा दिसतोय म्हणून आणखी कपभर स्टॉक ओतला, आणि टर्कीच्या पोटात तो ठासून भरला. चमच्याने वाढायची वेळ आली. पाहुणे चांगले होते, त्यांनी ग्रेव्हीत कालवून खाल्लं.

स्टॉक घातल्यावर दहा मिनिटं थांबा आणि एक मोठा तुकडा मधोमध फोडून पाहा. आत पांढरा कोरडा गाभा दिसला तर अजून थोडा स्टॉक. आतून ओला पण पिळल्यावर पाणी गळत नाही, हे बरोबर. वरून कोरडं वाटलं तरी घाबरू नका.

भाजल्यावर कोरडं झालं असेल तर गरम स्टॉकमध्ये चमचाभर लोणी विरघळवून वरून शिंपडा, झाका, दहा मिनिटं पुन्हा आत. लगदा झालेल्याला मात्र उपाय एकच. पसरट ट्रेमध्ये पातळ थर लावून ४०० फॅरनहाइटला वरून कडक भाजा. कुरकुरीतपणा बाकीचं झाकतो.

स्टॉक घरी करावा का?

वेळ असेल तर जरूर. टर्कीच्या आत कागदी पुडीत मान, पेटा, कलेजी ठेवलेली असते. ती आधी बाहेर काढा, नाहीतर पुडीसकट भाजली जाते. हे माझ्या ओळखीत तीनदा झालंय. मान आणि पेटा, एक कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र, भरपूर पाणी, मंद आचेवर दीड-दोन तास. कलेजी यात घालू नका, स्टॉक कडवट होतो. कोल्हापूरकडच्यांना सांगायचं तर हे टर्कीचं आळणी. फक्त हळद-आलं-लसूण नाही.

विकतचा असेल तर कमी मिठाचा आणा. नेहमीचा डब्यातला स्टॉक, खारं लोणी आणि पावातलं मीठ एकत्र आलं की हमखास खारट होतं. शिवाय 'सेल्फ-बेस्टिंग' लिहिलेल्या टर्कीला आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. अशी टर्की असेल, किंवा तुम्ही ती मिठाच्या पाण्यात मुरवली असेल, तर पोटातल्या सारणात मीठ निम्मं करा.

सेज म्हणजे काय? मिळालं नाही तर?

करड्या-हिरव्या, मखमली पानांची वनस्पती. तुळस, पुदिना, थाइम, रोजमेरी, सगळी एकाच कुळातली. वास थोडा कापराचा, थोडा ओल्या मातीचा. नुसतं पान खाऊन पाहू नका, आवडणार नाही. लोण्यात गेल्यावरच ते शहाणं होतं. स्टफिंग ओळखू येतं ते याच वासामुळे.

ताजं नसेल तर वाळलेलं एक तृतीयांश घ्या, दोन मोठ्या चमच्यांऐवजी दोन छोटे. त्याहून जास्त घातलं तर औषधी काढ्याची चव येते. दुकानात 'पोल्ट्री सीझनिंग' म्हणून तयार मिश्रण मिळतं, त्यातही मुख्य सेज आणि थाइमच. इथे ईशान्येकडे बेल्स नावाचं सीझनिंग १८६७ पासून आहे, पिवळ्या खोक्यावर निळी टर्की असते. जुन्या घरांत ते नसेल तर सण सुना वाटतो.

थाइमचा वास ओळखीचा वाटला तर तुमचं नाक बरोबर आहे. त्यातलं थायमॉल आपल्या ओव्यातही असतं. पण म्हणून ओवा घालू नका! ओव्याचा जोर फार, सगळ्याची मठरी होईल.

थोडा गरम मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली तर?

हा प्रश्न मला सर्वात जास्त येतो, आणि माझं उत्तर दरवर्षी अधिकाधिक कडक होत चाललंय. पहिल्यांदा करताना घालू नका.

मलाही वाटायचं की हे फिकं आहे. पण ताटात सोबत काय असतं ते बघा. आंबट-गोड क्रॅनबेरी, मिरीची ग्रेव्ही, गोड रताळी, बटाट्याचा लोणीदार लगदा. त्या सगळ्यांत स्टफिंगने भातासारखं काम करायचं असतं, सगळ्यांना धरून ठेवायचं. गरम मसाला घातला की ते एकटंच बोलायला लागतं आणि पहिलं सेज मरतं. मग तुम्ही केलाय तो मसाला पाव. तोही चांगलाच, पण त्याला टर्कीची गरज नाही.

अगदीच राहवत नसेल तर छोट्या भांड्यात चार जणांपुरतं वेगळं करा. कांद्याबरोबर मिरची आणि थोडं आलं परता, बाकी सगळं तेच. आमच्याकडे सासूबाई आल्या की असं भांडं होतं आणि ते आधी संपतं, हेही प्रामाणिकपणे सांगते.

पोटात भरू की वेगळं भाजू?

वेगळं. मी आता वेगळंच करते, आणि अमेरिकेचा कृषी विभागही वेगळं भाजणंच अधिक सुरक्षित सांगतो.

कारण साधं आहे. कच्च्या टर्कीच्या रसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि पोटातला पाव तो रस स्पंजासारखा पितो. मग सारणाचा मध्यही १६५ फॅरनहाइटला, ७४ सेल्सिअसला, पोहोचायलाच हवा. पण ती जागा ओव्हनच्या उष्णतेपासून सर्वात लांब, वर पाव म्हणजे उष्णता अडवणारी गादीच. तिथे १६५ होईस्तोवर छातीचं मांस भुशासारखं कोरडं होऊन बसतं. दोन्ही एकाच वेळी नीट साधणं कठीण.

तरीही पोटातल्या स्टफिंगची चव वेगळी असते, हे खरंच आहे. करायचंच असेल तर काही गोष्टी पाळा. टर्की आतून पूर्ण वितळलेली हवी. फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे १५ पौंडी टर्की रविवारीच फ्रिजमध्ये यायला हवी. पोटात बर्फ राहिला तर सारण शिजणार नाही. सारण कोमट असतानाच, भाजायला ठेवायच्या अगदी आधी, सैलसर भरा. दर पौंडाला पाऊण कप, जास्त नाही, कारण ते फुगतं. ओव्हन ३२५ च्या खाली नको. भरलेल्या १२ ते १४ पौंडी टर्कीला साडेतीन ते चार तास धरा, रिकामीपेक्षा अर्धा तास अधिक. थर्मामीटर मांसात आणि सारणाच्या मधोमध, दोन्हीकडे खुपसून पाहा. बाहेर काढल्यावर २० मिनिटं थांबून मगच सारण काढा.

मधला मार्ग मला फार आवडतो. वेगळ्या भांड्यात भाजायचं, आणि फॉइल काढताना टर्कीच्या ट्रेमध्ये जमलेल्या रसाचे तीन-चार डाव वरून घालायचे.

आदल्या रात्री तयार करून ठेवता येईल?

सुटं सुटं ठेवता येईल. पाव वाळवून डब्यात, कांदा-सेलरी परतून फ्रिजमध्ये, स्टॉक फ्रिजमध्ये. सकाळी दहा मिनिटांत एकत्र. टर्की मात्र आदल्या रात्री भरून कधीही ठेवू नका, फ्रिजमध्येसुद्धा नाही. पोटातलं सारण पटकन थंड होत नाही आणि जंतूंना ती रात्र पुरते.

थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारीच, आणि आमच्याकडे गुरुवार पाळतात. काय करायचं?

त्यातून मार्गशीर्ष लागलेला असेल तर बघायलाच नको. २०२२ आणि २०२५ मध्ये थँक्सगिव्हिंग नेमकं मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आलं. घट मांडायचा आणि टर्कीही भाजायची, असं एका स्वयंपाकघरात जमत नाही.

आमच्या गटातल्या दोन घरांनी टर्की शुक्रवारवर ढकलली आहे. सुट्टी असतेच, आणि उरलेल्या टर्क्या स्वस्त मिळतात. बाकीचे गुरुवारी शाकाहारी स्टफिंग करतात. स्टॉकच्या जागी भाज्यांचं पाणी घ्या, पण नुसतं गाजर-कांद्याचं नको, ते गोडमिट्ट लागतं. वाळलेल्या मशरूम मूठभर गरम पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घाला, मांसाच्या स्टॉकची खोली बरीचशी येते. ताज्या मशरूम चिरून, वेगळ्या, कडक परतून मिसळा. भाजलेले अक्रोड किंवा शिजवलेले चेस्टनट चांगले लागतात.

अंडं चालत नसेल तर नुसतं गाळा. त्याची जागा घ्यायला केळं, दही असलं काही घालू नका. वड्या पडणार नाहीत, चमच्याने वाढण्याइतकं मोकळं होईल, एवढंच. लोणी दोन चमचे वाढवा. कांदाही वर्ज्य असेल, तर सेलरी दुप्पट करा आणि त्यात एक आंबट हिरवं सफरचंद बारीक चिरून टाका.

कुणाच्या घरी गेलात आणि वेगळ्या भांड्यातलं स्टफिंग दिसलं, तर ते शाकाहारी असेलच असं समजू नका. स्टॉक बहुधा चिकनचा असतो. विचारा, इथे कुणाला राग येत नाही.

सॉसेज, ऑयस्टर वगैरे घालतात ते?

प्रांताप्रांताची रीत. दक्षिणेत पावाऐवजी मक्याचा कॉर्नब्रेड. ईशान्येच्या किनाऱ्यावर ऑयस्टर, म्हणजे आपल्याकडची कालवं. लुइझियानात कलेजी घातलेला भात, मिनेसोटाकडे वाइल्ड राइस. डुकराचं सॉसेज जवळपास सगळीकडे. मांस किंवा कालवं काहीही घालायचं तर आधी पूर्ण शिजवून घ्या, आणि सॉसेजची चरबी सुटते म्हणून लोणी थोडं कमी करा. कोकणातल्यांना कालवं घालायचा मोह होतो. घाला, पण मीठ चाखून.

डब्यातलं तयार मिश्रण वाईट असतं का?

वाईट नाही, वेगळं आहे. १९७२ मध्ये जनरल फूड्सने 'स्टोव्ह टॉप' बाजारात आणलं. त्यामागे रूथ सीम्स या गृहविज्ञान शिकलेल्या बाईंचं डोकं होतं. पावाच्या तुकड्याचा आकार असा ठेवायचा की तो गरम पाणी नेमकं पिईल आणि लगदा होणार नाही, ही त्यातली खरी युक्ती. म्हणजे त्यांनीही शेवटी पाव वाळवण्याचाच प्रश्न सोडवला. आयत्या वेळी पाहुणे वाढले तर मीही ते आणते. शाकाहाऱ्यांनी खोक्यावरची यादी वाचावी.

मी पुण्यात आहे. टर्की नाही, मोठा ओव्हनही नाही.

मग नाताळला कोंबडी भरा. गोव्यात, वसईत सारण भरून भाजलेली कोंबडी नवी नाही. दीड किलोच्या कोंबडीत दीड-दोन कप सारण जातं, आणि ती साध्या ओटीजीत मावते. मध्यभागी ७४ सेल्सिअसचा नियम कोंबडीलाही तोच. वाढीव सारण केकच्या भांड्यात भाजा.

पावासाठी माझं मत इराणी बेकरीतल्या ब्रूनला. कडक पाठ, गोडवा नाही, आणि वाळवायला निम्मा वेळ. लादी पाव चालतो, पण मऊ असल्यामुळे तासभर तरी वाळवा. गोव्यात असाल तर पोई वापरून पाहा, कोंड्यामुळे छान खरपूस होते. ताजी सेलरी मोठ्या भाजीबाजारात मिळते, सेज बाटलीतलं. अमूलचं पिवळं लोणी खारट असतं, तेव्हा मीठ शेवटी चाखून.

आणि गोव्यात पोर्तुगीज वळणाच्या एखाद्या मेन्यूवर 'पेरू' भरलेला दिसला, तर ते फळ नव्हे. पोर्तुगीजमध्ये टर्कीला पेरू म्हणतात.

उरलेल्याचं काय करायचं?

जेवण उरकल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. टर्कीच्या पोटातलं उरलं असेल तर ते काढून वेगळ्या उथळ डब्यात. तीन-चार दिवस टिकतं, पुन्हा गरम करताना आतपर्यंत वाफाळलं पाहिजे.

अमेरिकन घरांत दुसऱ्या दिवशी त्याचं सँडविच होतं, पावात पाव, मधे टर्की आणि क्रॅनबेरी. आम्ही कटलेट करतो. गार स्टफिंग कुस्करायचं, एक अंडं, आता बिनधास्त हिरवी मिरची आणि कोथिंबीर, चपट्या वड्या थापून लोखंडी तव्यावर दोन्हीकडून लाल. सोबत क्रॅनबेरी सॉस उरलेला असतो, त्यात जिरं आणि लाल तिखट घालून चटका द्यायचा. शुक्रवारी सकाळी एवढं असलं की चहाबरोबर दुसरं काही करावं लागत नाही.